एल्डमार्शची झोपलेली पदवी

आमच्या एल्डमार्शच्या चर्चमध्ये दगडाचे अकरा लॉर्ड आडवे झालेत. बारावे, म्हणजे मिस ॲव्हरिलचे वडील, जागा उरली नाही म्हणून भिंतीवरच्या पितळी पाटीत उभे आहेत. दर शुक्रवारी त्यांची धूळ मी पुसते. नाकांना, गुडघ्यांना, पायाशी बसलेल्या कुत्र्यांना फडकं चालतं; गळ्याभोवतीच्या चुण्यांना मात्र माझ्या नवऱ्याचा दाढीचा ब्रश लागतो. त्या बिचाऱ्याला आता त्याचं काम नाही.

वीस वर्षं एखाद्याची धूळ पुसली की ओळख होतेच. शाळा मी तेराव्या वर्षी सोडली, पण थडग्यांवरचं लॅटिन मला उमगतं, कारण ते सगळीकडे एकच सांगतं: हा इथे आहे, हा भला होता, याच्यासाठी प्रार्थना करा. भला होता की नव्हता, ते मी फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीतून पुस्तकं आणून शोधलं. पहिला सर ऑस्बर्ट ट्रिव्हेट. तेराशे नऊ साली राजानं त्याला पत्र धाडलं, की संसदेला हजर राहा. झालं. तेवढ्या एका पत्रानं पदवी जन्माला आली. ऑस्बर्ट गेला की नाही कुणास ठाऊक, त्या वर्षी आमच्या दलदलीतले रस्ते पाण्याखाली होते. पण पत्र आलं ना? मग तो लॉर्ड एल्डमार्श, आणि त्याच्या वंशातले पुढचे सगळे लॉर्ड. दुसरा स्कॉटलंडच्या मोहिमेत मेला. शत्रूनं नाही मारला, शिळ्या माशानं मारला. सहाव्याचं डोकं लंडनला उतरवलं आणि आमच्याकडे बाकीचं पाठवलं. मूर्तिकारानं मात्र त्याला डोकं दिलंय, आणि हसरं दिलंय.

सहाव्याला मुलगा नव्हता, एकच मुलगी होती. तीच लेडी एल्डमार्श झाली. एकच मुलगी असली की काही अडत नाही. दोन असल्या की पंचाईत. कायद्याला मुलग्यांमधला थोरला-धाकटा बरोबर कळतो, मुलींमधली थोरली-धाकटी कळत नाही, सगळ्या सारख्या. जमीन वाटता येते, चमचे वाटता येतात. पदवी कशी वाटणार? मग ती झोपते. वकील त्याला काहीतरी फ्रेंच शब्द वापरतात, गावात आम्ही 'झोपली' म्हणतो. उत्तरेच्या भिंतीशी एका पितळी पत्र्यावर तीन बहिणी ओळीनं उभ्या आहेत. त्यांच्यापायी ती एकशे बारा वर्षं झोपली होती. दोघींच्या शाखा संपून तिसरीचा एकुलता पणतू उरला, तेव्हा ती आपोआप जागी झाली.

बाराव्या लॉर्डना दोन मुली. ॲव्हरिल आणि हेस्टर. ते एकोणीसशे एकतीस साली गेले आणि पदवीनं पुन्हा डोळे मिटले.

मी मिस ॲव्हरिलकडे सकाळी चूल पेटवायला आणि स्वयंपाकाला जाते. मोठं घर केव्हाच दुसऱ्यांचं झालं, तिथे आता मुलींची शाळा आहे. मिस ॲव्हरिल फाटकाशेजारच्या जुन्या पहारेकऱ्याच्या दोन खोल्यांत राहतात. वय एकोणसत्तर, पाठ चर्चच्या खांबासारखी. लॉर्डाच्या मुलीला आमच्याकडे पाकिटावर 'माननीय' लिहितात आणि तोंडानं नुसतं 'मिस' म्हणतात. हे ज्याला कळतं तो आमच्यातला. ज्याला कळत नाही तो कितीही चांगला असला तरी बाहेरचा.

रोज साडेआठला पोस्टमन रेज थर्केटल सायकल फाटकाला टेकवायचा. मिस ॲव्हरिल पत्र हातात घ्यायच्या, आधी पत्ता वाचायच्या, मग खांदे जरा खाली यायचे आणि मग त्या पाकीट फोडायच्या. सुरुवातीला मला वाटायचं, थोरामोठ्यांची पद्धत असेल. एकदा विचारलं.

"माननीय ॲव्हरिल ट्रिव्हेट," त्यांनी पाकीट मला दाखवलं. "म्हणजे हेस्टर आहे."

"कशी काय?"

"ती मागे कुणी न ठेवता गेली, तर पदवी त्याच क्षणी माझ्याकडे येते, नोरा. अर्ज नको, काही नको. कुणाला तरी ते कुठेतरी कळेल आणि तो मला 'लेडी एल्डमार्श' लिहील. ज्या दिवशी तसं पाकीट येईल, त्या दिवशी मला बहीण नाही."

हे बोलताना त्या अंड्याचं टोक उडवत होत्या. वाढदिवसाच्या पत्रांपासून कोळशाच्या बिलापर्यंत सगळ्यांतून ही बाई रोज सकाळी बहिणीची खुशाली वाचत होती, हे मला तेव्हा कळलं.

भांडण कशाचं, ते गावात सगळ्यांना माहीत आहे. वडील गेल्यावर मिस ॲव्हरिलनी राजाकडे अर्ज करायचं ठरवलं. दुसऱ्या बहिणीनं संमतीची सही दिली तर झोपलेली पदवी एकीसाठी जागी करता येते. त्यांनी कागद तयार करवला आणि नाश्त्याच्या टेबलावर हेस्टरच्या बशीशेजारी ठेवला. वर पेन. शाई भरून, टोपण काढून. हेस्टरनं कागद वाचला, त्यातल्या तीन चुका पेननं दुरुस्त केल्या आणि तो परत सरकवला. "मागितली असतीस तर दिली असती," ती म्हणाली. "पेन भरून ठेवलंस ना, आता नाही." महिन्याभरात ती कॅनडाला गेली. हॅलिफॅक्स बंदराचं एक कार्ड आलं: पोचले, थंडी आहे. त्यानंतर काही नाही. मग युद्ध. मिस ॲव्हरिलची पत्रं परत यायची, त्या पत्त्यावर या नावाचं कुणी नाही म्हणून.

पदवीचं नाव त्यानंतर त्यांनी कधी काढलं नाही.

गेल्या वसंतात आमच्याकडे नवे पाद्री आले, मिस्टर पिलब्रो. शहरातले. भला माणूस, सगळ्यांना खूश ठेवायची घाई फार. जूनच्या फुलांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन मिस ॲव्हरिलच्या हस्ते व्हावं असं त्यांच्या मनात आलं, तिथपर्यंत सगळं ठीक. नाव छापायच्या आधी कुणाला विचारण्याऐवजी ते चर्चमध्ये जाऊन पितळी पाटी वाचून आले. वडील लॉर्ड एल्डमार्श, म्हणजे मुलगी लेडी एल्डमार्श. गणित सोपं.

मंगळवारी सकाळी छापलेला कागद घेऊन ते स्वतःच आले. मी कणकेत हात घालून उभी होते. मिस ॲव्हरिलनी कागद डोळ्यांपासून लांब धरला.

"प्रदर्शनाचं उद्घाटन," त्यांनी वाचलं, "लेडी एल्डमार्श."

आणि त्या बसल्या. खुर्ची मागे होती हे नशीब, त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

"तुम्हांला कुणी सांगितलं?" आवाज अगदी बारीक.

"अं, सगळेच सांगतात, बाईसाहेब," पाद्री हसत म्हणाले. "गावात कोणाला माहीत नाही?"

"सगळ्यांना? मला सोडून? केव्हा? कुठे?"

"शनिवारी, बाईसाहेब. शाळेच्या मैदानावर."

मी पिठाच्या हातांनीच मध्ये पडले. "मिस्टर पिलब्रो, हे 'लेडी' तुम्हांला कुठल्या पत्रातून कळलं की तुमच्या डोक्यातून आलं?"

"डोक्यातून... म्हणजे, पाटीवरून. का? चुकलं?"

"पाटीवरून!" मी मिस ॲव्हरिलच्या खांद्यावर हात ठेवला, पांढरे पाचही ठसे काळ्या लोकरीवर उठले. "ऐकलंत? पाटीवरून. कुणी काही कळवलं नाहीये. यांना कळत नाही एवढंच."

पाद्रींचा चेहरा बीटासारखा झाला. त्यांना सगळं समजावून सांगायला मला दोन कप चहा लागला. ऐकून ते रडवेले झाले. सगळे कागद जाळतो म्हणाले, गावच्या पेपरातही बातमी गेलीये, तिथे खुलासा देतो म्हणाले.

"थांबा," मिस ॲव्हरिल म्हणाल्या.

रंग परत आला होता. तो नुसता परत आला नव्हता, जास्तच आला होता.

"खुलासा नको."

"पण ते खरं नाही ना!"

"नाही. म्हणूनच." त्या माझ्याकडे वळल्या. "नोरा, हेस्टरला आयुष्यात कधी एखादी चूक तशीच सोडून देता आली का? तिनं बिशपच्या प्रवचनातलं व्याकरण सुधारून त्यालाच पाठवलं होतं. रोज सकाळी लंडनचा पेपर घेऊन लग्नं-मृत्यू-नेमणुकांचं पान मोठ्यानं वाचायची आणि हातात पेन्सिल. ती जिवंत असताना मी स्वतःला लेडी एल्डमार्श म्हणवते, हे तिनं वाचलं तर काय होईल?"

"आग लागेल."

"पत्र येईल," मिस ॲव्हरिल म्हणाल्या.

मी त्यांना एवढंच विचारलं, "आणि नाही आलं तर?"

"तर मग ते खोटं नव्हतं."

त्यांनी कुणाचा चमचा चुकून पिशवीत आला तर दोन मैल चालत परत नेऊन दिलेला मी पाहिलाय. त्या बाईनं त्या दुपारी टेबलाशी बसून लंडनच्या मोठ्या पेपरसाठी खोटी जाहिरात लिहिली. 'तेराशे अकरा सालापासून चालत आलेली पदवी धारण केल्याबद्दल ज्यांनी सदिच्छा पाठवल्या, त्या सर्वांचे लेडी एल्डमार्श आभार मानतात.'

"मिस ॲव्हरिल, तेराशे नऊ," मी म्हटलं. "ऑस्बर्टच्या डोक्याशी कोरलंय, मी दर शुक्रवारी पुसते."

"मला माहीत आहे." त्या शाई टिपत होत्या. "हेस्टरलाही माहीत आहे. माझ्यावरचा राग एक वेळ गिळेल ती. साल चुकलेलं गिळणार नाही."

जाहिरात छापून आली आणि आमच्याकडे एका आठवड्यात जग बदललं. खाटीक गॅथरकोल, ज्यानं वीस वर्षं मिस ॲव्हरिलना मानेचं मटण दिलं, त्यानं मांडीचा तुकडा पाठवला. कर्नलची विधवा मिसेस फॉदरगिल, ढोपरं दुखतात म्हणून चर्चमध्येही गुडघे टेकत नाही, ती रस्त्यात गुडघे वाकवून मुजरा करू लागली. रेज थर्केटल पत्रं देताना टोपी काढायला लागला.

"टोपी घाल, रेज," मी म्हटलं, "तुझ्या टकलाचं ऊन डोळ्यांत जातं."

"गप गं नोरा. लेडीच्या दारात उभा आहे मी."

"कालपर्यंत कोण होती ती?"

"कालपर्यंत मिस होती. पण मला नेहमीच वाटायचं."

"काय वाटायचं?"

"काहीतरी," रेज म्हणाला.

पत्रं मात्र ढिगानं. अभिनंदन, सदिच्छा, कुणाची आजी मोठ्या घरात स्वयंपाकीण होती, कुणाला सही हवी. मिस ॲव्हरिल एकेक पाकीट घ्यायच्या. सगळ्यांवर 'लेडी एल्डमार्श'. जे वाचायला त्या सव्वीस वर्षं घाबरत होत्या तेच आता दिवसाला आठ-दहा वेळा समोर यायचं, आणि ते आपणच लिहवून घेतलंय हे ठाऊक असूनही पत्ता वाचला की त्या पाकीट पालथं घालायच्या. मग फोडून भराभर नजर फिरवायच्या आणि बाजूला टाकायच्या.

"सज्जन," त्या म्हणायच्या. "हाही सज्जन. अरे, या देशात कुणाचीच काही हरकत नाही?"

एकदा एक रागीट पत्र आलं. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि चेहरा असा उजळला की मी चुलीवरचं दूध सोडून धावले. पण ते पलीकडच्या गावातल्या एका गृहस्थाचं होतं. लेडी एल्डमार्श यांच्या मालकीचा नाला तुंबलाय, त्याला वास येतो. दूध उतू गेलं.

सरकारी पदव्यांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीकडूनही एक आलं, फार नम्र. आपण पदवी धारण केल्याचं वाचून आनंद झाला. तरी आपल्या भगिनी माननीय हेस्टर यांच्या निधनाचा दाखला सवडीनं पाठवावा. मिस ॲव्हरिलनी ते घडी करून साखरेच्या भांड्याखाली ठेवलं.

जून गेला. जुलै निम्मा गेला. जेवण त्यांना जाईना. पिठाच्या पारीत भाजलेला वाम मासा त्यांना आवडतो म्हणून केला, मांजरानं खाल्ला. आता त्या पत्त्याकडे बघेनाशाच झाल्या. एका दुपारी वाटाणे सोलताना म्हणाल्या, "नोरा, गॅथरकोलचं मटण खरंच चांगलं असतं का गं, लेडींना देतो ते?"

"मऊ असतं."

"मला आवडत नाही." बराच वेळ शेंगा फुटत राहिल्या. "मला पदवी हवी होती. फार हवी होती. वडिलांनी आयुष्यभर मुलगा मागितला, मला वाटलं, यादीत त्यांच्याखाली माझं नाव लागलं तर मी झाले. आता तुम्ही सगळे म्हणताय. आणि मला वाटतं, मी जिना चढून वर गेले आणि वर घरच नाही."

मी उठून वाटाणे धुवायला नेले.

दुसऱ्या दिवशी रेजनं पातळ, निळसर पाकीट दिलं. त्यावर व्हिटबीचा शिक्का. आणि पत्ता: माननीय ॲव्हरिल ट्रिव्हेट. 'माननीय' हा शब्द खाली दोनदा अधोरेखित.

मिस ॲव्हरिल दारातच उभ्या होत्या. त्यांनी ती रेघ पाहिली आणि तोंडावर हात धरला. पाकीट फोडलं, वाचलं. चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते तिथेच अडकून पडलं. मग त्यांनी कागद माझ्याकडे दिला.

"मोठ्यानं वाच."

मी वाचलं.

"महोदया, आपण लंडनच्या पेपरात दिलेली जाहिरात वाचून सहा आठवडे झाले. आधी मी ठरवलं होतं की उत्तर द्यायचं नाही. ते मला जमत नाही. आपण लेडी एल्डमार्श नाही. पदवी आपल्या आणि आपल्या बहिणीमध्ये सारखी आहे, आणि सही कुणी दिलेली नाही. आपल्याला वाटत असेल, की माझी आई हेस्टर चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत वारली..."

मी थांबले.

"थांबू नकोस," मिस ॲव्हरिल म्हणाल्या. पाठ तशीच सरळ. "पुढे."

"...वारली, म्हणून तिचा वाटा आपल्याकडे आला, तर आपण चुकता आहात. तो माझ्याकडे आला. मी तिची मुलगी आहे, तेवीस वर्षांची आहे, आणि मी आपल्याला काहीही दिलेलं नाही. दुसरं असं, की तेराशे अकरा नव्हे, तेराशे नऊ. हे आमच्या मांजरालाही ठाऊक आहे. तिसरं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. आम्ही हॅलिफॅक्सहून युद्ध संपल्यावर इकडे परत आलो. बाबा व्हिटबीचे. आई दर जानेवारीत सार्वजनिक वाचनालयात जायची आणि पदव्यांचा तो जाडा ग्रंथ काढून एल्डमार्शचं पान बघायची. तिथे लिहिलेलं असायचं, ॲव्हरिल आणि हेस्टर यांच्यामध्ये निद्रिस्त. वाचून ती म्हणायची, 'ठीक आहे, आम्ही अजून भांडतोय.' आणि घरी यायची. तिनं आपल्याला पत्र का लिहिलं नाही, मला विचारू नका, मी तिला पुष्कळदा विचारलं. म्हणायची, आधी ती लिहील. तेव्हा आपण हे खोटं ताबडतोब मागे घ्यावं. आपली, थॉमसिन गारबट."

बाहेर रेज अजून टोपी हातात घेऊन उभा होता. मी त्याला हातानंच जायला सांगितलं.

"व्हिटबी," मिस ॲव्हरिल म्हणाल्या.

"हो."

"गाडीनं सहा तास."

"दोनदा बदलावी लागते," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"मी कॅनडाच्या नकाशाकडे बघत बसायचे. ती सात वर्षं व्हिटबीत होती. मी आधी लिहीन म्हणून." त्या हळूच खाली बसल्या, पायरीवरच. आजवर त्यांना पायरीवर बसलेलं मी पाहिलं नव्हतं. "चार वर्षं नोरा, मी पाकिटं बघून म्हणत होते, हेस्टर आहे. पाकिटं खोटं बोलत नव्हती. ही तिची मुलगी होती मध्ये. हिच्यामुळे मी 'मिस' होते."

मग त्या रडल्या. मोठ्यानं नाही. त्यांना सवय नाही, त्यामुळे ते नीट येत नव्हतं. खोकल्यासारखं येत होतं. मी शेजारी बसले. माझा नवरा गेल्यावर मला कुणी काही बोललं असतं तर मी त्याला लाटण्यानं मारलं असतं, म्हणून नुसता रुमाल पुढे केला.

शेवटी त्यांनी नाक पुसलं.

"पुन्हा वाच."

"सगळं?"

"'महोदया'पासून 'मांजर'पर्यंत."

मी वाचलं. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा 'आमच्या मांजरालाही' आलं तेव्हा त्या माझ्याबरोबर म्हणाल्या, हेस्टरच्या आवाजात म्हणाल्या असाव्यात, कारण तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

त्याच दिवशी दोन कागद लिहिले गेले. एक लंडनच्या पेपरला: माननीय ॲव्हरिल ट्रिव्हेट या लेडी एल्डमार्श नाहीत, तेराशे नऊ सालची ही पदवी त्या आणि त्यांची भाची मिस थॉमसिन गारबट यांच्यामध्ये निद्रिस्त आहे, आधीच्या जाहिरातीतला दोष सर्वस्वी त्यांचा. कचेरीला याचीच नक्कल गेली. दुसरा कागद भाचीला. तो त्यांनी मला दाखवला नाही, पण टपालात टाकायला दिला तेव्हा म्हणाल्या, "मी लिहिलंय, की तिनं हरकती फार कमी घेतल्या. तिच्या आईनं अकरा घेतल्या असत्या. उरलेल्या समक्ष येऊन सांगाव्या."

खुलासा छापून आल्यावर गॅथरकोलनं मानेचं मटण पाठवलं. मिसेस फॉदरगिलची ढोपरं पुन्हा दुखायला लागली. पाद्रींनी प्रार्थनेच्या यादीतून लेडी काढली आणि 'हेस्टर' हे नाव घातलं. ते मात्र त्यांनी न विचारता बरोबर केलं.

गुरुवारी तार आली. 'शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. संमती देणार नाही. गारबट.'

"बघितलंस!" मिस ॲव्हरिल स्वयंपाकघरभर ती तार घेऊन फिरत होत्या. "मागितलीही नाहीये मी अजून!"

शनिवारी त्यांनी मला बरोबर नेलं. स्टेशनवर आम्ही तासभर आधी जाऊन बसलो. त्यांनी चांगली टोपी घातली होती. पाणी कुठवर आलंय, नाले कोण उपसणार, असं काहीबाही त्या बोलत राहिल्या. मग गाडी दिसली आणि उठून उभ्या राहिल्या.

चार जण उतरले. त्यांतली एकच मुलगी. बुटकी, रुंद खांद्यांची, केस गाजराच्या रंगाचे; हिच्यात ट्रिव्हेट कुठे असेल तर आत कुठेतरी, वरून ती अख्खी गारबट. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, आणि हनुवटी भांडायला निघालेली. ती सरळ आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मिस ट्रिव्हेट?"

मिस ॲव्हरिलनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला, अगदी घट्ट. पण बघत मात्र त्या तिच्या डोक्यावरून, मागे, डब्याच्या उघड्या दाराकडे होत्या. मुलगी काहीतरी बोलत होती, गाडी वीस मिनिटं उशिरा आली वगैरे. त्या बघतच होत्या. आतल्या बाकावर कुणी नव्हतं. गार्ड दारं लावत लावत आला, तेही दार त्यानं लावलं. शिट्टी झाली, डबा हलला, फलाटाच्या टोकापर्यंत त्या त्याच्याबरोबर डोळ्यांनी गेल्या.

मुलगी बोलायची थांबली होती. तिनंही मागे वळून रिकाम्या रुळांकडे पाहिलं, आणि तिची हनुवटी जराशी खाली आली.

"मलाही वाटतं तसं," ती म्हणाली. "दर गाडीला."

मिस ॲव्हरिलनी तेव्हा कुठे तिच्याकडे पाहिलं. नीट, केसांपासून बुटांपर्यंत.

"पिशवी नोराला दे," त्या म्हणाल्या. "आणि सांग. पहिली हरकत कुठली?"

"तुमच्या खुलाशात," मुलगी म्हणाली, "माझ्या आडनावात शेवटी दोन 'टी' हवे होते. एकच आहे."

आणि त्या दोघी स्टेशनच्या फाटकाकडे चालू लागल्या, वाद घालत.